हुकूमशाहीचे मूळ चावडीत

आफ्रिकेतली हुकूमशाही म्हटले की आपल्याकडे ठरावीक चेहरे डोळ्यांपुढे येतात. युगांडातल्या आशियाई लोकांना 1972 च्या ऑगस्टमध्ये नव्वद दिवसांत देश सोडायला लावणारा इदी अमीन, 1965 ते 1997 अशी बत्तीस वर्षे काँगोची मालकी गाजवणारा मोबुटू, 1977 मध्ये स्वतःला सम्राट म्हणून अभिषेक करवून घेणारा बोकासा. या चेहऱ्यांकडे पाहता पाहता एक खुलासा मनात तयार होतो: तिथल्या टोळ्यांना सरदाराच्या धाकाचीच सवय, लोकशाही त्यांच्या अंगी लागणार कशी? विद्वानांच्या भाषेत यालाच ‘राजकीय संस्कृती’ म्हणतात, पण आशय तोच राहतो. दुसरा खुलासा माणसाच्या स्वभावाचा: अमीन क्रूर होता, मोबुटू लोभी होता. दोन्ही खुलाशांत गाव कुठेच येत नाही. सारा वसूल करणारा कोण, तंटा निवडणारा कोण, वेठीला धरणारा कोण आणि त्याच्याविरुद्ध दाद कुठे मागायची, हे प्रश्नच विचारले जात नाहीत. माझे म्हणणे असे की हुकूमशाहीचे मूळ राजवाड्यात शोधून सापडत नाही. ते सत्तेच्या सर्वांत खालच्या पायरीवर असते. जिथे वसुली, न्याय, पोलीस आणि ‘रूढी’ या चारही गोष्टी एका माणसाच्या हातात येतात आणि तो माणूस गावाला नव्हे तर वरच्या साहेबाला जबाबदार असतो, तिथे राजधानीत हुकूमशहा यायला फक्त संधी लागते. हे तपासायला पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड हे तालुके फार उपयोगी आहेत. एकाच साम्राज्याने इथेही राज्य केले आणि आफ्रिकेतही. इथेही रयत उठली आणि तिथेही. पुढे जे घडले ते मात्र वेगळे.

शिरूर तालुक्यातल्या करडे गावात 1874 च्या डिसेंबरात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदाराविरुद्ध दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याचे घर पाडायला काढले. गावाने ठरवून सावकारावर बहिष्कार टाकला. न्हाव्याने दाढी करायचे नाकारले, पाणक्याने पाणी भरायचे सोडले, घरगडी कामावरून उठले. अखेर सावकाराने बिऱ्हाड शिरूरला हलवले. बहिष्काराचे हे हत्यार पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत गावोगाव पोचले. त्याने भागेना तेव्हा 12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्याला भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते आणि आजच्या दौंड तालुक्यातली पाटस, केडगाव, यवत ही गावेही त्याच भीमथडीतली. जमावाने सावकारांची घरे-दुकाने फोडून कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढल्या आणि पेटवल्या. काही दिवसांत शिरूर, इंदापूर, श्रीगोंदा, पारनेर अशी आग पसरली. पुणे जिल्ह्यात 559 आणि नगर जिल्ह्यात 392, असे एकूण 951 लोक पकडले गेले आणि त्यांतल्या 501 जणांना शिक्षा झाल्या. इतक्या मोठ्या दंग्यात माणसांना इजा मात्र फार थोडी झाली. सावकाराने मुकाट कागद हवाली केले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. राग कागदावर होता, कारण माणसाला जमिनीवरून उठवण्याची ताकद त्या कागदात आली होती.

ती ताकद कुणी दिली, हे पाहिले की प्रकरण सावकार आणि कुळ यांच्यापुरते उरत नाही. पेशवाईतही सावकार होते, पण सावकाराला गावात राहायचे असे आणि पाटलाला डावलून जमीन ताब्यात घेणे त्याला सोपे नव्हते. इंग्रजी अमलात दिवाणी कोर्टे आली. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आली, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. कुणबी तालुक्याच्या कोर्टात पोचायच्या आतच एकतर्फी हुकूमनामे होऊ लागले. त्यातच अमेरिकेतले यादवी युद्ध 1865 मध्ये संपले, कापसाचा भाव कोसळला आणि नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांच्या जुन्या जमाबंदीची मुदत संपून 1867 पासून इंदापुरात आणि पुढच्या काही वर्षांत भीमथडी, हवेली, पाबळ या भागांत सारावाढ झाली. ही वाढ इतकी अवास्तव होती की 1874 मध्ये सरकारला स्वतःच तिच्यावर मर्यादा घालावी लागली: गावांच्या गटाला शेकडा 33, एका गावाला 66 आणि एका खातेदाराला शंभर. म्हणजे ‘मर्यादा’ घातल्यानंतरही एखाद्याचा सारा दुप्पट होऊ शकत होता. पैसा भरायचा तर सावकाराकडे जायचे, सावकाराकडे गेले की रोखा, रोख्यावरून कोर्ट. सरकार, बाजार आणि कोर्ट यांची ही साखळी करड्याच्या देशमुखाच्या दारात येऊन थांबली होती.

या साखळीची गावातली कडी म्हणजे पाटील. 1867 च्या गावपोलिसांच्या कायद्याने आणि 1874 च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने पाटील हा सरकारी यंत्रणेचा शेवटचा नोकर ठरला. सारा गोळा करणे त्याच्याकडे, गुन्ह्याची वर्दी देणे त्याच्याकडे, किरकोळ शिक्षा त्याच्याकडे. त्याची नेमणूक आणि बडतर्फी कलेक्टरकडे. पूर्वी वतनाचा तंटा गोतसभेत निघे. गावचे वतनदार, बलुतेदार जमून निवाडा देत आणि महजरावर आपापल्या निशाण्या करत. नांगर, वस्तरा, हातोडा अशा त्या निशाण्या. पाटलाचा मान त्या संमतीवर उभा होता. आता त्याच्या मानाला गावाच्या संमतीची गरज उरली नाही, मामलेदाराच्या शेऱ्याची उरली. आफ्रिकेत नेमके हेच अधिक उघडपणे आणि अधिक पूर्णपणे घडले, आणि मराठी वाचकाला ते समजायला जड जाऊ नये ते याच कारणाने.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. पूर्वीचे गाव स्वतंत्र आणि समंजस होते, इंग्रजाने ते बिघडवले, असा माझ्या मांडणीचा सूर निघत असेल तर तो सरळ चुकीचा ठरेल. गोतसभेत महाराची निशाणी असे, पण त्याची सावली चालत नसे. शिरूर तालुक्यातच भीमेच्या काठी कोरेगाव आहे. तिथे 1 जानेवारी 1818 रोजी पेशव्यांच्या सैन्याशी लढलेल्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि 1927 च्या पहिल्या तारखेला डॉ. आंबेडकर तिथल्या स्तंभाला वंदन करायला गेले. ज्या पेशवाईच्या अंताचा तो स्तंभ आहे, तिच्या गावगाड्यात स्वातंत्र्य कुणाच्या वाट्याला होते आणि कुणाच्या नव्हते, हे त्या भेटीतच स्पष्ट होते. पण म्हणूनच पुढचा भाग लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्रज सरकारने ही रूढी मोडली नाही. 1874 च्या वतन कायद्याने तिला सरकारी शिक्का मारला. महाराने वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात रात्री-अपरात्री सरकारी काम करायचे, टपाल न्यायचे, साहेबाचे सामान वाहायचे. जे पूर्वी गावाचे दडपण होते ते आता कायद्याचे कर्तव्य झाले. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते याच जुवाखालून माणसे सोडवायला. रूढी जुनी असेलही, पण तिला मागे पोलीस आणि पुढे दंड असे रूप दिले की ती रूढी राहत नाही, ती सत्ता होते. आफ्रिकेतल्या ‘रूढीच्या कायद्या’बद्दल याहून वेगळे काही सांगायचे नाही.

करडे-सुप्याच्या दंग्याने इंग्रज सरकार हादरले. अठरा वर्षांपूर्वीच 1857 होऊन गेले होते. चौकशी आयोग नेमला गेला. दोष सावकारावर आणि कोर्टाच्या पद्धतीवर ठेवावा की सारावाढीवर, यावर आयोगातच मतभेद झाले. ऑकलंड कॉल्व्हिन यांनी वेगळी टिपणी लिहून सारावाढीकडे बोट दाखवले. इकडे पुण्यात 1870 मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक सभा दंग्याच्या आधीपासूनच सारावाढीविरुद्ध माहिती गोळा करत होती. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे ती माहिती आकड्यांनिशी सरकारपुढे ठेवत होते. अखेर 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्याला अटक होणे थांबले, रोख्यामागचा खरा हिशेब उकरून पाहण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला, गावपातळीवर मुनसफ आणि समेट घडवणारे पंच नेमले गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत शिरूर तालुक्यातल्या धामारीवर वासुदेव बळवंत फडक्यांनी पहिला दरोडा घातला होता. त्यांना जन्मठेपेवर एडनला पाठवले गेले आणि 1883 मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. सरकारने एका हाताने कायदा दिला आणि दुसऱ्या हाताने एडन दाखवले. तरी दिलेली गोष्ट खोटी नव्हती. दंगा, चौकशी, छापील अहवाल, सभेचे अर्ज, वर्तमानपत्रांतली टीका आणि शेवटी कायदा, ही वाट या भागात एकदा पडली ती पुन्हा बुजली नाही.

साम्राज्याने मात्र या अनुभवातून आणखी एक धडा घेतला आणि तो आफ्रिकेच्या फार मुळावर आला. कोर्ट, वकील आणि जमिनीची मोकळी विक्री आणली की गाव फुटते आणि दंगा होतो. तेव्हा रयतेला ‘त्यांच्या रूढीत’ ठेवावे, हा तो धडा. 1857 नंतरच्या काळात हेन्री मेन यांच्यासारख्या विद्वानांनी या विचाराला तात्त्विक बैठक दिली होती. 1879 च्या कायद्यातही ग्राम-मुनसफांपुढे आणि पंचांपुढे वकिलांना मज्जाव होता. भारतात हा विचार अर्धाच राबवता आला, कारण कोर्टे, विद्यापीठे आणि वर्तमानपत्रे आधीच उभी होती. आफ्रिकेत पाटी कोरी मिळाली. आणि हा प्रवास नुसत्या विचारांचा नव्हता. जांझिबारचे ब्रिटिश कौन्सुलचे न्यायालय मुंबई इलाख्यातल्या जिल्हा न्यायालयासारखे धरले जाई आणि त्याची अपिले मुंबई हायकोर्टात येत. भारतीय दंडसंहिता पूर्व आफ्रिकेत लागू झाली, तिथल्या व्यवहारात रुपया चालला. नायजेरियात ‘अप्रत्यक्ष राज्या’ची पद्धत घडवणारा लॉर्ड लुगार्ड मद्रासमध्ये जन्मला होता आणि त्याची लष्करी नोकरी भारतातच सुरू झाली होती. फरक एवढाच, की मुंबई इलाख्यातून कायद्याची पुस्तके गेली. सार्वजनिक सभा गेली नाही.

आता सुप्याच्या शेजारी आफ्रिकेतले दोन उठाव ठेवून पाहू. सिएरा लिओनमध्ये 1898 साली दर झोपडीमागे पाच शिलिंगांचा कर बसला आणि बाई बुरे या सरदाराच्या नेतृत्वाखाली उत्तर भाग उठला. सरकारने सर डेव्हिड चाल्मर्स यांना चौकशीला धाडले. त्यांनी कर रद्द करा असे स्वच्छ लिहिले. सरकारने अहवाल बाजूला ठेवला, कर कायम ठेवला आणि बाई बुरेला गोल्ड कोस्टला हद्दपार केले. दुसरा उठाव तर सुप्याचा सख्खा भाऊ वाटावा असा आहे. आग्नेय नायजेरियातल्या इग्बो लोकांत राजा नव्हता. गावचे जाणते लोक आणि बायकांच्या बैठका मिळून निर्णय घेत. इंग्रजांना अशी निर्नायकी व्यवस्था कळेना, म्हणून त्यांनी परवाना देऊन सरदार नेमले. हाच माणूस नेटिव्ह कोर्टात बसे, मजूर पकडून देई, कराची मोजणी करी. वकिलांना त्या कोर्टांत मज्जावच होता. 1928 मध्ये पुरुषांवर कर बसला. पाम तेलाचा भाव घसरत होता. 1929 च्या नोव्हेंबरात ओलोको इथल्या ओकुगो नावाच्या सरदाराने माणसे-जनावरे मोजायला सुरुवात केली आणि न्वान्येरुवा या बाईच्या घरी मोजणीदार पोचला, तेव्हा आता बायकांवरही कर येणार अशी बातमी बाजारांतून पसरली. हजारो बायका सरदारांच्या दाराशी ठाण मांडून बसल्या, गाणी म्हणून त्यांची बेअब्रू करू लागल्या. हा त्यांचा जुना, मान्य मार्ग होता. करड्याच्या बहिष्काराशी त्याचे नाते ओळखू येते. मग नेटिव्ह कोर्टांच्या इमारतींवर हल्ले झाले. सरकारने गोळीबार केला. पन्नासहून अधिक बायका मारल्या गेल्या.

तुलना इथे बारकाईने करायला हवी. दोन्हीकडे घसरलेला भाव, वाढलेला कर, बाजारातून पसरलेली बातमी, आधी बहिष्कार आणि मग हल्ला. पण सुप्याच्या रयतेने सावकाराचे कागद जाळले, कारण कोर्ट आणि सरकार त्या कागदाच्या आड होते. ओलोकोच्या बायकांनी थेट कोर्टच जाळायला घेतले, कारण त्यांच्यापुढे आड असे काही नव्हते. कर, मोजणी, वेठ आणि निवाडा एकाच सरदाराच्या ओसरीवर होते. युगांडात वाढलेले अभ्यासक महमूद ममदानी यांनी 1996 च्या आपल्या ग्रंथात वसाहतकाळातल्या या व्यवस्थेला विकेंद्रित हुकूमशाही म्हटले आहे, आणि ओलोको हे तिचे अगदी जवळून दिसणारे उदाहरण आहे. चौकशी तिथेही झाली, परवान्याचे सरदार गेले, 1933 मध्ये कोर्टांची फेररचना झाली. पण सुधारणा झाली ती ‘खरी रूढी’ कोणती हे नव्याने शोधण्याची. एका हातातल्या सत्ता वेगवेगळ्या करण्याचा प्रश्न कुणी घेतला नाही.

यावर कुणी म्हणेल, आफ्रिकेत गोऱ्यांच्या आधी काय लोकशाही नांदत होती? झुलूंचा शाका, दाहोमीचे राजे, बुगांडाचा कबाका हे एकछत्री राजेच होते. खरे आहे, आणि त्यांच्या राज्यांत गुलामांचा व्यापार आणि नरबळीही होते. त्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. पण राजा क्रूर असणे वेगळे आणि राजाला आवरण्याची सोयच नसणे वेगळे. असांटेंचे राज्य हे आफ्रिकेतल्या बलाढ्य राज्यांपैकी एक. तिथल्या सरदारांनी आणि राजमातेने 1874 मध्ये कोफी कारिकारी या राजाला गादीवरून उतरवले आणि 1883 मध्ये त्याचा भाऊ मेन्सा बोन्सू यालाही. गादी लोकांची, बसणारा माणूस बदलता येतो, ही समजूत तिथे पक्की होती. इथिओपियातल्या ओरोमो लोकांच्या गदा पद्धतीत सत्ता दर आठ वर्षांनी दुसऱ्या पिढीगटाकडे जाई. इग्बोंचे तर वर आलेच. परकी सत्तेने या सगळ्यांतून राजा तेवढा उचलला आणि त्याला उतरवण्याची सोय गाळली. आता सरदाराला काढायचा अधिकार जिल्ह्याच्या साहेबाचा. रयतेला धाकच आवडतो म्हणणाऱ्यांनी शिरूरचेही उदाहरण पाहावे. तिथल्या छावणीत 1809 साली वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला आसपासचे शेतकरी सत्पुरुषाची जागा मानून सुगीला धान्य वाहत असत. त्याच मुलखातल्या रयतेने 1875 मध्ये साहेबाच्या कोर्टाने बळ दिलेले कागद चौकात पेटवले. श्रद्धा आणि ताबेदारी एकच असत्या तर दुसरी गोष्ट घडली नसती.

स्वातंत्र्य आले तेव्हा आफ्रिकेतल्या नव्या नेत्यांपुढे खरा प्रश्न होता या सरदाराचे काय करायचे. बहुतेकांनी त्याला ठेवले, फक्त साहेबाच्या जागी पक्ष आणला. केनियात 1902 च्या फर्मानाने सुरू झालेली आणि 1937 च्या कायद्याने बळकट झालेली सरकारनियुक्त चीफची सत्ता केन्याटा आणि मोई यांच्या राज्यात चालूच राहिली. 1982 मध्ये मोईंनी कायद्यानेच एकपक्षी राज्य केले. 1988 मध्ये सत्ताधारी पक्षाच्या उमेदवारनिवडीत गुप्त मतदान बाजूला सारून उमेदवाराच्या मागे रांगेत उभे राहून मतदान झाले. ज्या गावात मजूर, परवाने आणि अटक चीफच्या हातात, तिथे त्याच्या देखत दुसऱ्या रांगेत कोण उभा राहणार? या कायद्यातली जाचक कलमे निघाली ती 1997 मध्ये, अनेक पक्ष पुन्हा आल्यानंतर. मलावीत हेस्टिंग्ज बांडा तर एक पाऊल पुढे गेले. वसाहतीच्या काळातली ‘पारंपरिक न्यायालये’ त्यांनी मोठी करून त्यांच्याकडे खुनाचे आणि राजद्रोहाचे खटले सोपवले. देशाचे एके काळचे कायदामंत्री ऑर्टन चिर्वा आणि त्यांच्या पत्नी व्हेरा यांना 1983 मध्ये अशाच न्यायालयाने वकील न देता फाशीची शिक्षा ठोठावली. पुढे ती जन्मठेपेवर आली आणि ऑर्टन 1992 मध्ये तुरुंगातच वारले. हे न्यायालय आफ्रिकन परंपरेचे होते असे बांडा सांगत. ते लुगार्डच्या परंपरेचे होते.

अमीन, बोकासा, मोबुटू आणि टोगोचा एयाडेमा हे चौघेही वसाहतवाद्यांच्या फौजांतून वर आले, हेही याच सूत्रात बसते. अमीन ब्रिटिशांच्या किंग्ज आफ्रिकन रायफल्समध्ये होता, मोबुटू बेल्जियमच्या फोर्स पब्लिकमध्ये, उरलेले दोघे फ्रेंच सैन्यात. त्या फौजा परक्या शत्रूशी लढण्यापेक्षा आपल्याच रयतेकडून वसुली करायला आणि बंड मोडायला अधिक वापरल्या गेल्या होत्या. रयत म्हणजे मुलूख आणि आपण म्हणजे वसुली, हे शिक्षण त्यांना तिथे मिळाले. उलट बोट्स्वानात 1966 नंतर सेरेत्से खामा यांनी, स्वतः राजघराण्यातले असूनही, सरदारांकडचा कारभार निवडून आलेल्या जिल्हा परिषदांकडे दिला आणि 1968 च्या कायद्याने जमीनवाटप भूमी मंडळांकडे नेले. सरदाराकडे सभेचे अध्यक्षपद आणि लहान तंटे उरले. बोट्स्वाना हिऱ्यांमुळे तरला असे म्हणतात. हिरे काँगोतही होते.

आपल्याकडेही दुसरे टोक शेजारीच आहे. भारतात लोकशाही टिकली ती काँग्रेसमुळे, संविधानामुळे, इंग्रजी शिकलेल्या वर्गामुळे, असे सांगतात. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने पाकिस्तानचा उलगडा होत नाही. पंजाबात इंग्रजांनी डेप्युटी कमिशनरच्या हातात महसूल, न्याय आणि पोलीस एकत्र ठेवण्याची पद्धत जाणून रुजवली होती. सरहद्दीच्या टोळ्यांवर 1901 चे फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन लादले होते. त्यात एकाच्या गुन्ह्याबद्दल सगळ्या टोळीला शिक्षा करता येई. ते 2018 पर्यंत टिकले. त्या देशात 1958 पासून लष्कर वारंवार गादीवर बसले. मुंबई इलाख्यात दिवाणी न्याय आधीच वेगळा होता. काँग्रेस 1886 पासून न्याय आणि अंमल वेगळे करा असा ठराव करत होती, आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1951 च्या कायद्याने ते करून दाखवले. मग 1958 मध्ये महार वतनासह कनिष्ठ वतने रद्द झाली आणि त्याच वर्षी नवा ग्रामपंचायत कायदा आला. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याच वर्षीच्या कायद्याने महसुली पाटील गेला. वसुली पगारी तलाठ्याकडे आली. 1967 च्या कायद्याने पोलीस पाटील वेगळा झाला. चावडीतल्या एका माणसाकडची कामे अशी तलाठी, सरपंच, पोलीस पाटील आणि न्यायाधीश यांच्यात वाटली गेली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या कायद्यांना जेमतेम एक ओळ मिळते. केनिया आणि मलावीशेजारी ठेवून पाहिले की ते किती मोठे काम होते हे लक्षात येते.

हे काम पुरे झाले असे मात्र म्हणता येत नाही, आणि त्याचा पुरावा सुप्याच्या दंग्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी मिळाला. विनाचौकशी डांबून ठेवण्याची सत्ता मुंबई इलाख्याला 1827 च्या पंचविसाव्या रेग्युलेशनने मिळाली होती. 1897 मध्ये पुण्याच्या नातूबंधूंवर ती वापरली गेली. घानात एन्क्रूमांनी 1958 मध्ये असाच कायदा केला आणि त्याच्याखाली डांबलेले जे. बी. डांक्वा 1965 मध्ये तुरुंगातच वारले. आपल्याकडे 1971 मध्ये मिसा हा विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा आला आणि 25 जून 1975 च्या आणीबाणीनंतर येरवड्याचा तुरुंग त्याखालच्या कैद्यांनी भरला. चावडी वाटून झाली होती, पण वरचे हत्यार 1827 पासून तसेच होते. त्या एकवीस महिन्यांत काय झाले? कुटुंबनियोजनाचे आकडे पुरे करायची सक्ती वरून खाली आली, ती शिक्षकावर, ग्रामसेवकावर, तलाठ्यावर. आपापल्या खात्याचे नोकर असलेली ही माणसे एका रात्रीत पुन्हा वरून आलेला आकडा भरणारी माणसे झाली. महाराष्ट्र विधिमंडळाने 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमतही केले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते तिथेच राहिले. मार्च 1977 मध्ये मतदानाने ते पर्व संपले, कारण गुप्त मतपेटीपाशी कुणाचा चीफ उभा नव्हता. पण ग्रामीण महाराष्ट्रात आजही अनेक ठिकाणी उसाची नोंद, सोसायटीचे कर्ज, पाटाचे पाणी आणि पंचायतीची उमेदवारी या चार गोष्टी फिरून एकाच घराशी येतात. कायद्याने त्या वेगळ्या आहेत. 1962 ते 1967 मध्ये जे पाटलाच्या बाबतीत केले ते सहकारातल्या सत्तेच्या बाबतीत अजून कुणी केलेले नाही.